पुनरुक्तीचा अपराध : वॉर्प संस्थेच्या ध्वनिमुद्रिकांविषयी काही विचार

कायद्याने आजवर अनंत वस्तूंच्या व्याख्या केल्या आहेत. घर कशास म्हणावे, वाहन कशास म्हणावे, रात्र केव्हा सुरू होते, हे सारे त्याने आपल्या कलमांत बांधून टाकले आहे. संगीत म्हणजे काय हे सांगण्याच्या भरीस मात्र तो सहसा पडत नाही. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाच पाहा. संगीताची बनलेली कृती ती संगीतकृती, असे सांगून आणि स्वरलिपीचा तीत समावेश करून तो मोकळा होतो. संगीत म्हणजे काय हा प्रश्न तो ऐकणाऱ्याच्या कानांवर सोपवितो. आमच्या मते यात त्याचा आळस नसून शहाणपण आहे.

इंग्लंडच्या पार्लमेंटला १९९४ साली हे शहाणपण सुचले नाही. त्या वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात संमत झालेल्या फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याच्या ६३ व्या कलमात, रात्री उघड्यावर भरणाऱ्या नृत्यमेळाव्यांना आळा घालण्याच्या निमित्ताने, 'संगीत' या शब्दाचा अर्थ विस्तारून सांगण्यात आला. सर्वस्वी किंवा मुख्यत्वे एकामागून एक येणाऱ्या पुनरावृत्त ठोक्यांनी ज्यांचे स्वरूप ठरते असे ध्वनीही संगीतात मोडतात, असा त्या उपकलमाचा आशय आहे. या कायद्याला एका छोट्या ध्वनिमुद्रिका-संस्थेने एका तबकडीने उत्तर दिले. ती तबकडी, ती संस्था आणि त्या उत्तराची योग्यायोग्यता हा या लेखाचा विषय होय. घटना तीस वर्षांहून जुनी असली, तरी तीत गुंतलेला प्रश्न जुना झालेला नाही.

प्रथम त्या संस्थेविषयी. शेफील्ड हे उत्तर इंग्लंडातील पोलादाचे शहर. १९८० नंतरच्या दशकात तेथील कारखाने एकामागून एक बंद पडले आणि तरुण पिढीच्या हाताला काम उरले नाही. याच शहरातील एका ध्वनिमुद्रिकांच्या दुकानातून १९८९ साली स्टीव्ह बेकेट, रॉब मिचेल आणि ध्वनिमुद्रणाचे जाणकार रॉबर्ट गॉर्डन यांनी 'वॉर्प' ही संस्था उभी केली. पहिल्या मुद्रिकेच्या अवघ्या ५०० प्रती निघाल्या. भांडवल म्हणून, बेकारांनी स्वतःचा धंदा सुरू करावा यासाठी सरकार जे साहाय्य देई, ते उपयोगी पडले. त्या मुद्रिकेचे कर्ते स्वतःस 'फोर्जमास्टर्स' म्हणवीत. हे नाव शेफील्डच्याच एका पोलाद कारखान्याचे. कारखान्यांतील घणांचे आवाज थांबत असताना त्यांचे नाव एका तबकडीवर उमटावे, हा योगायोग नव्हे. ती एका शहराने स्वतःची ठेवलेली आठवण होती.

या संगीताचे कूळ दुहेरी आहे. त्यातील यंत्रांची लय आली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातून. तेथे वॉन ॲट्किन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन या कृष्णवर्णीय तरुणांनी 'टेक्नो' हा प्रकार घडविला, आणि १९८८ साली लंडनमध्ये निघालेल्या एका संग्रहामुळे ते नाव सर्वतोमुखी झाले. त्यातील खर्ज आला जमैकाहून. वेस्ट इंडीजमधून इंग्लंडात येऊन स्थायिक झालेल्या लोकांनी आपल्याबरोबर प्रचंड ध्वनिक्षेपकांची 'साउंड सिस्टिम' आणली. खर्ज हा केवळ कानांनी ऐकावयाचा नसून छातीने आणि पोटाने अनुभवावयाचा असतो, ही शिकवणही त्यांचीच. शेफील्ड, लीड्स, ब्रॅडफर्ड या शहरांतील तरुणांनी या दोन धारा एकत्र आणल्या. वरच्या सप्तकात यंत्राचे तुटक, काचेसारखे स्वच्छ टिपके आणि खाली जमीन हादरविणारा खर्ज. मधली जागा बव्हंशी रिकामी. ही रिकामी जागाच या संगीताचे खरे सौंदर्य आहे, असे आम्ही म्हणू.

'स्वीट एक्सॉर्सिस्ट' या जोडीची 'टेस्टोन' ही मुद्रिका या दृष्टीने ऐकण्याजोगी आहे. ध्वनियंत्रे तपासण्यासाठी जे कोरे नमुना-स्वर वापरतात, त्या वस्तुतः निरर्थक स्वरांवर तिची उभारणी आहे. पण या काळातील सर्वांत समर्थ कृती आमच्या मते लीड्सच्या मार्क बेल आणि गेझ व्हार्ली यांच्या 'एल. एफ. ओ.' या जोडीची, त्याच नावाची, १९९० सालची मुद्रिका. ती ब्रिटिश विक्रीच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेली. एक यांत्रिक आवाज तीन अक्षरे उच्चारतो, त्याभोवती उदास स्वरांचा एक पडदा उभा राहतो आणि मग खर्ज उतरतो. पुढे फारसे काही 'घडत' नाही. तेच ते फिरून फिरून येते. परंतु प्रत्येक फेरीस ऐकणाऱ्याची जागा बदललेली असते. आधी जे ठोके वाटत होते ते हळूहळू श्वासासारखे वाटू लागतात.

देवळातील चौघड्यावर आणि भजनावर ज्यांचे कान तयार झाले आहेत अशा आमच्या वाचकांस हे संगीत प्रथम कर्कश वाटण्याचा संभव आहे. पण 'तेच ते' या आक्षेपावर त्यांनी तरी फार जोर देऊ नये. एकल तबलावादनात पेटी किंवा सारंगी एकच लेहरा तासभर वाजवीत राहते. तो लेहरा बदलत नाही म्हणूनच तबल्यावरील प्रत्येक बदल कानांना कळतो. लेहरा हा मोजपट्टीसारखा असतो, आणि मोजपट्टीने स्थिर राहावे हेच तिचे काम. सात दिवस अखंड चालणाऱ्या नामसप्ताहात शब्द तेच असतात. म्हणून त्यांस कोणी रिकामे म्हणत नाही. पुनरावृत्ती आणि रितेपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करणारा श्रोता आळशी असतो, आणि त्यांची गल्लत करणारा कायदा धोकादायक.

आता त्या कायद्याकडे वळू. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन या गायरानावर हजारो तरुण जमले आणि अनेक दिवस अहोरात्र संगीत चालले. आसपासच्या रहिवाशांस त्याचा ताप झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांच्या झोपेचा हक्क हाही हक्कच आहे. परंतु ६३ व्या कलमात या तक्रारीस पुरेल एवढी सामग्री मूळचीच होती: शंभर किंवा अधिक माणसांचा जमाव, रात्रीची वेळ, ध्वनिक्षेपकावरून वाजणारे संगीत, आणि त्याच्या मोठेपणामुळे व लांबणीमुळे परिसरातील लोकांस गंभीर त्रास होण्याची शक्यता. एवढ्यावर काम भागत असता ठोक्यांच्या पुनरावृत्तीचा उल्लेख कशासाठी? आमचा तर्क असा, की आरोपीने न्यायालयात उभे राहून 'हे संगीतच नव्हे' असा बचाव करू नये म्हणून मसुदाकाराने ही तजवीज केली. म्हणजे गंमत अशी, की ज्या ध्वनींना प्रतिष्ठित समाज संगीत मानावयास तयार नव्हता, त्यांना संगीताचे पहिले अधिकृत प्रमाणपत्र मिळाले ते दंडविधानाकडून!

वॉर्पचे उत्तर आले ते कायदा संमत होण्यापूर्वीच, सप्टेंबर १९९४ मध्ये. मँचेस्टरजवळच्या रॉचडेलचे शॉन बूथ आणि रॉब ब्राउन हे 'ऑटेकर' या नावाने संगीत रचतात. त्यांच्या 'अँटी' या तबकडीवर तीन रचना आहेत: 'लॉस्ट', 'जारम' आणि 'फ्लटर'. वेष्टनावर चिकटविलेल्या सूचनेत म्हटले होते, की पहिल्या दोहोंत पुनरावृत्त ठोके असल्याने कायदा झाल्यावर त्या वाजवू नयेत. 'फ्लटर' मात्र अशी रचली आहे की तिची कोणतीही दोन आवर्तने सारखी नाहीत, सबब ती वाजविण्यास हरकत नाही. तथापि पोलिसांनी त्रास दिल्यास ग्वाही देण्यासाठी वाजविणाऱ्याने एक वकील आणि एक संगीतशास्त्रज्ञ सदैव जवळ बाळगावा. तबकडीचे उत्पन्न नागरी स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या 'लिबर्टी' या संस्थेस देण्यात आले.

येथे एक विशेष ध्यानी घेण्यासारखा आहे. वॉर्पने १९९२ साली 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' या संग्रहाद्वारे नृत्यगृहातील यंत्रसंगीत घरच्या आरामखुर्चीत आणून बसविले होते. त्याच्या मुखपृष्ठावर खरोखरच आरामखुर्चीत पहुडलेला यंत्रमानव आहे. ऑटेकर हे त्या संग्रहातलेच. म्हणजे कायद्याचा रोख ज्यांच्यावर होता ते माळरानावर नाचणारे, आणि त्यांची कैफियत मांडली ती खुर्चीत बसून ऐकणाऱ्यांच्या कलावंतांनी. ज्याच्या अंगावर प्रसंग आलेला नाही त्याने दुसऱ्याची बाजू घ्यावी, हे आमच्या व्यवसायात रोजचे. कलेच्या क्षेत्रात ते विरळा दिसते.

आता ज्या वकिलास जवळ बाळगावयाचे त्याचा अभिप्राय. आमच्या मते हा बचाव टिकणारा नाही. कलमात शब्द आहे तो 'समाविष्ट आहे' असा. 'म्हणजे' असा नव्हे. या दोहोंतील अंतर कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. 'म्हणजे' म्हटले की व्याख्येचे दार बंद होते; 'समाविष्ट आहे' म्हटले की मूळ अर्थ कायम राहून त्यात भर पडते. 'फ्लटर' ही शब्दाच्या नैसर्गिक अर्थानेच संगीत आहे. तिच्यातील ठोके पुनरावृत्त नाहीत असे शंभर शास्त्रज्ञांनी शपथेवर सांगितले तरी ती कलमाच्या कक्षेतून सुटत नाही. ती रात्री उघड्यावर, शंभर माणसांत, शेजाऱ्यांची झोप उडेल अशी वाजविली की झाले. सूचनेचा विनोद झकास आहे; कायद्याचा सल्ला म्हणून ती निरुपयोगी आहे.

पण आम्हांस येथे निकाल द्यावयाचा आहे तो कलाकृतीवर. 'फ्लटर' सुमारे दहा मिनिटांची आहे. ताल-यंत्रावर जितकी वेगवेगळी आवर्तने रचता येतील तितकी रचून ती एकापुढे एक गुंफली आहेत. वर एक मृदू सुरावट मंदपणे फिरून फिरून येते. खाली ठेका मात्र मागे वळून पाहत नाही. ऐकताना एक चमत्कार प्रत्ययास येतो. आवर्तने सारखी नसूनही कान त्यांत लय शोधतो, आणि त्याला ती सापडते. पुनरावृत्ती ठोक्यांत जितकी असते तितकीच ऐकणाऱ्याच्या देहात असते, हे या रचनेने जे सिद्ध केले ते कोणत्याही युक्तिवादापेक्षा मोठे आहे.

तरीही आमचा एक आक्षेप उरतोच. 'फ्लटर' कायद्याला हसते, पण हसताना त्याचे गृहीत मान्य करते. पुनरावृत्ती हाच दोष असेल तर पाहा, आम्ही पुनरावृत्ती टाळली, असा तिचा पवित्रा आहे. अपराध नाकारण्याऐवजी 'मी तेथे नव्हतोच' असे सांगण्यातला हा प्रकार. पुनरुक्तीची खरी कैफियत पुनरुक्तीनेच मांडली पाहिजे, आणि ती चार वर्षांपूर्वीच 'एल. एफ. ओ.' ने मांडली होती. कोणाशी वाद न घालता, खर्जाच्या एका फिरत्या आकृतीने, तेच ते ऐकणे म्हणजे अधिक खोल ऐकणे हे तिने पटवून दिले. या दोहोंपैकी एकच तबकडी आम्हांस घरी ठेवावयास सांगितली, तर आम्ही 'एल. एफ. ओ.' ठेवू.

मात्र ऑटेकरच्या पदरी एक श्रेय निश्चित टाकले पाहिजे. एके काळी जी पळवाट होती तिचा त्यांनी पुढे राजमार्ग केला. २००१ सालच्या 'कन्फील्ड' पासून २०१८ च्या आठ तासांच्या 'एन. टी. एस. सेशन्स' पर्यंत, संगणकाला नियम घालून द्यावयाचे आणि त्याने दरवेळी थोडे निराळे बोलावयाचे, ही त्यांची पद्धती झाली. २०२० च्या 'साइन' मध्ये तर ही पद्धती पुन्हा मार्दवाकडे वळलेली दिसते. कायद्याने डिवचल्यावाचून हे झालेच नसते असे आम्ही म्हणणार नाही. पण कलावंत विरोधकाचेही ऋण फेडू शकतो, एवढे यावरून दिसते.

राहता राहिला आपला संबंध. इंग्लंडचा तो कायदा शिथिल झाला नाही; २००३ साली शंभरांची संख्या वीसवर आणण्यात आली. आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. ते ठोक्यांची जात विचारीत नाहीत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि सण-उत्सवांसाठी वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत, अशी त्यांची मांडणी आहे. ध्वनिक्षेपक लावून इतरांच्या शांततेचा भंग करावा असे कोणताही धर्म सांगत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच बजावले. हे माप सर्वांना सारखे लागते: किनाऱ्यावरच्या रात्रीच्या नाचाला आणि देवळापुढच्या मांडवालाही. आपल्यापैकी पुष्कळांस पहिल्याविषयी माप कडक आणि दुसऱ्याविषयी सैल हवे असते. त्यांना आमचे एवढेच सांगणे, की आवाज मोजावा, ताल मोजू नये. जो कायदा आज परक्याच्या ठोक्यांस 'तेच ते' म्हणतो, तो उद्या आपल्या घुमटाला आणि टाळांनाही तसे म्हणू शकेल. आणि त्या दिवशी वेष्टनावरची सूचना आपल्या कामी येणार नाही.