एका पडद्याभोवतीची मुले : सहअध्ययनाच्या दाव्याची चिकित्सा

‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत लोकसहभागातून टॅब आले. टॅब थोडे आणि मुले अधिक, म्हणून चार-पाच मुलांमागे एक टॅब अशी वाटणी सर्वत्र रूढ झाली. ही वाटणी टंचाईतून आली होती. पुढे मात्र तिला ‘सहअध्ययन’ असे भारदस्त नाव मिळाले आणि अपुरेपणाची सोय शिक्षणशास्त्रीय तत्त्व म्हणून मिरवू लागली. एकत्र बसणे आणि एकत्र शिकणे यांतील अंतर या नामकरणात झाकले गेले आहे.

या विचाराला सर्वाधिक प्रतिष्ठा सुगत मित्रा यांच्या प्रयोगांनी दिली. १९९९ मध्ये दिल्लीतील कालकाजी येथे त्यांनी भिंतीत संगणक बसविला. वस्तीतील मुले शिक्षकाविना, परस्परांच्या साहाय्याने तो हाताळावयास शिकली. हे निरीक्षण मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु मार्क वॉर्शॉर यांनी अल्पावधीतच दाखवून दिले की मुलांचा बहुतेक वेळ खेळ आणि चित्रे रंगविण्यात जात होता व हिंदीतील आशय जवळजवळ नव्हता. पायल अरोरा यांनी २०१० मध्ये उत्तराखंडातील अशा केंद्रांच्या दुरवस्थेवर लिहिले. यंत्र हाताळता येणे आणि विषय समजणे या दोन भिन्न गोष्टी होत.

मित्रा यांच्या टीकाकारांपेक्षा त्यांचे स्वतःचे लेखन या बाबतीत अधिक बोलके आहे. तमिळनाडूतील कालिकुप्पम येथील प्रयोगात मुलांनी जैवतंत्रज्ञानासारखा विषय संगणकावरून आपापसांत काही प्रमाणात आत्मसात केला. मात्र विषयाचे ज्ञान नसलेल्या, पण मुलांना आपुलकीने प्रश्न विचारणाऱ्या प्रौढ व्यक्तीची जोड मिळाल्यावर त्यांचे गुण आणखी वाढले. म्हणजे शिक्षकाच्या अनुपस्थितीचा गौरव करणाऱ्या सिद्धांताला बळ मिळाले ते एका वडीलधाऱ्या व्यक्तीच्या उपस्थितीने! २०१३ च्या टेड पुरस्कारानंतर उभारलेल्या सात केंद्रांपैकी एक फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांनी स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेत आहे. जेथे मुलांच्या वाचन-लेखनावर अनेक वर्षे निष्ठेने काम झाले, तेथील यशाचे श्रेय केवळ पडद्याला देणे न्याय्य ठरणार नाही.

प्रश्नाचा गाभा हाताशी निगडित आहे. यंत्र कोणाच्या हातात असते? बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी २००६-०७ च्या सुमारास सरकारी शाळांत पाहिले की एका संगणकाभोवती अनेक मुले असली तरी माऊस एखाद्या धीट मुलाकडेच राहतो. त्यांनी प्रत्येकाला स्वतंत्र माऊस आणि पडद्यावर स्वतःच्या खुणेचा बाण दिला. सहभाग वाढला, पण नवा दोष उद्भवला. मुले, विशेषतः मुलगे, विचार न करता चढाओढीने बटणे दाबू लागली. तेव्हा सर्वांनी एकच उत्तर निवडल्याखेरीज पुढे जाता येणार नाही, अशी अट आज्ञावलीत घालण्यात आली आणि मुलांना एकमेकांशी बोलणे भाग पडले. सहकार्य आपोआप उगवले नाही. ते योजावे लागले.

टॅबचा पडदा या दृष्टीने माऊसहून अधिक कठोर आहे. तो अनेक बोटांचा स्पर्श ओळखतो. पण कोणते बोट कोणाचे, हे त्याला कळत नाही. हातभर अंतरावर बसलेल्या पाचव्या मुलाला चित्र तिरके दिसते, अक्षर तर दिसतही नाही. धूळपाटीवरही मुले बोटानेच लिहीत. पण तेथे प्रत्येकाची धूळ वेगळी होती आणि गिरविलेले अक्षर स्वतःचे होते. टॅबवर योग्य उत्तराची टाळी संपूर्ण गटासाठी वाजते. ज्याने काहीच केले नाही, त्याचीही प्रगतीत नोंद होते.

जामखेड तालुक्यात या प्रश्नाला वेगळी धार आहे. येथील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. आईवडिलांबरोबर गेलेले मूल वर्गात परत येते तेव्हा गट ठरलेले असतात, टॅब धरणारा हात ठरलेला असतो. परतलेल्या मुलाची जागा वर्तुळाच्या कडेला असणार, हे सांगण्यास संशोधनाची गरज नाही. ज्याला साहाय्य सर्वाधिक हवे, तोच पडद्यापासून सर्वांत दूर बसणार असेल, तर अशा गटाला सहअध्ययन म्हणता येत नाही.

परस्परांकडून शिकण्याचा अस्सल नमुना मात्र याच गावी उपलब्ध आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात खेडोपाडीच्या स्त्रिया, त्यांतील कित्येक निरक्षर, आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडल्या. जामखेडला एकत्र येऊन त्या शिकत आणि एकमेकींना शिकवीत. प्रत्येकीजवळ स्वतःच्या गावातील बाळंतपणाचा, तापाचा, अंधश्रद्धेचा अनुभव असे आणि शिकलेले घेऊन तिला त्याच गावी परतायचे असे. कोणीही प्रेक्षक नव्हती. वर्गातील गटात असा स्वतःचा वाटा मुलाजवळ असतो काय? पडद्यावरील प्रश्न सर्वांना एकच, उत्तरही एकच, आणि ते जो प्रथम दाबेल त्याचे. ऊसतोडीहून परतलेल्या मुलाजवळ मापाचे, वजनाचे, मजुरीच्या हिशेबाचे कितीतरी अनुभव असतात. पण सर्वांसाठी एकदाच तयार झालेल्या आशयात त्यांना शिरकाव नाही. तो करून देणे शिक्षकाच्याच हाती आहे.

शाळातपासणीत टॅबची संख्या आणि ‘डिजिटल शाळा’ हा शिक्का यांवर आजवर पुष्कळ भर राहिला. टॅब कोणी धरला, कोणी बोलले, कोणी नुसते पाहिले, याची नोंद ठेवण्यास एक वही आणि अर्ध्या तासाचे निरीक्षण पुरते. तालुक्यातील महाविद्यालयांच्या शिक्षणशास्त्र व समाजशास्त्र विभागांना ते सहज शक्य आहे. हंगाम संपून मुले परततात त्या पंधरवड्यात तर विशेषच.