नाव तीन, कार्ड एक : कर्नलमधल्या उपनावांची समीक्षा

आज ज्या मजकुराची समीक्षा करायची तो कुणा कवीचा नाही. लिनक्सवर 'इफकॉन्फिग' ही आज्ञा दिली की पडद्यावर जो मजकूर उमटतो, तो आज आपण वाचणार आहोत. तत्त्वज्ञानवाल्यांनी यात का पडावं? कारण प्रश्न आपलाच आहे : नाव आणि वस्तू यांचं नातं काय? आणि हा कारभार आपल्याला परकाही नाही. भारताच्या '.इन' नावांची नोंद सुरुवातीची बरीच वर्षं इथून जवळच, जुहूच्या एनसीएसटीत होत असे.

एका नेटवर्क कार्डाला अनेक आयपी पत्ते देता येतात. इफकॉन्फिग ते 'ईथ०', 'ईथ०:१', 'ईथ०:२' असे वेगवेगळ्या परिच्छेदांत छापते. वाचणाऱ्याला वाटतं, कार्डं तीन. आपल्या दहिसरचा पोस्टमनही असं फसणार नाही. चाळीचं जुनं नाव, सोसायटीचं नवं नाव, पण दार एकच, हे त्याला ठाऊक असतं. आजच्या कर्नललाही ठाऊक आहे. त्याच्या लेखी ही उपनावं म्हणजे एकाच कार्डाच्या पत्त्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. कर्नलच्या दस्तऐवजातच ही पद्धत कालबाह्य म्हटली आहे. जुन्या वापरासाठी ती ठेवलीय, इतकंच.

आमचा आक्षेप असा की ही मांडणी वाचकाला खड्ड्यात घालते. एकाच उपजाळ्यातला पहिला पत्ता मुख्य, बाकीचे दुय्यम. मुख्य काढला की दुय्यमही जातात. 'प्रमोट सेकंडरीज' ही कळ चालू असेल तरच त्यातला एक वर चढतो. 'एकच तर काढला!' म्हणणाऱ्याचा सर्व्हरशी संपर्कच तुटतो. दुसरं, नव्या 'आयपी' आज्ञेने लेबलाशिवाय जोडलेला दुय्यम पत्ता इफकॉन्फिगला दिसतच नाही. इथे भाट्ट मीमांसकांची अनुपलब्धी आठवावी. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तेव्हाच न दिसणं हे नसण्याचं प्रमाण. अंधारात घडा दिसला नाही म्हणून तो नाही, असं होत नाही. म्हणून 'आयपी अ‍ॅड्रेस' ने पाहावं.

आता कर्नल कोसळतो तेव्हा. स्मृतीतल्या एकाच जागेकडे दोन दर्शक बोट दाखवतात. एकाने जागा मोकळी केली, दुसरा ती अजून आपलीच समजतो. सातबाऱ्यावर जुनं नाव राहिलं आणि जमीन कधीच विकली गेली, तसं. हे टाळायला कर्नल धारकांची मोजणी ठेवतो. 'उपकरण मोकळं होण्याची वाट पाहत आहे, वापरसंख्या १' अशा अर्थाचा संदेश सारखा येत राहिला तर समजावं, कुणीतरी धरलेलं अजून सोडलेलं नाही. कोसळल्यावरचा 'ऊप्स' अहवाल पाय कुठे घसरला ते सांगतो. तेल कुणी सांडलं ते सांगेलच असं नाही. पहिला ऊप्स जपून ठेवा; त्यानंतरचे बिघडलेल्या स्थितीतले असतात.

इफकॉन्फिगने पिढ्यान्‌पिढ्या काम केलं, ते आम्ही नाकारत नाही. पण जे साधन एका वस्तूच्या तीन वस्तू दाखवतं आणि असलेली लपवतं, त्याच्या साक्षीवर निदान करू नये. आधी विचारावं : ही नावं किती, आणि वस्तू किती?