डोंगरांतील म्हातारीचें देणें

जपानी वाङ्मयाशीं आपल्याकडील सुशिक्षित वाचकाची ओळख बहुधा इंग्रजीच्या द्वारें झालेली असते, आणि त्या द्वाराशीं प्रथम भेटतो तो लाफ्काडिओ हर्न. हर्न १८९० सालीं जपानांत गेला, तेथेंच त्यानें संसार थाटला, आणि १९०४ सालीं, म्हणजे मृत्यूच्याच वर्षीं, त्याचा 'क्वाइदान' हा अद्भुतकथांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यांतील हिमस्त्रीची कथा ज्यानें वाचली आहे त्याच्या मनावर जपानी भुताखेतांचें एक चित्र कायमचें ठसलेलें असतें : शुभ्र, रमणीय, किंचित् भयप्रद आणि रेशमी पडद्यावर रंगविल्यासारखें. हें चित्र सुंदर आहे यांत शंका नाहीं. पण ज्या लोकांनीं हीं भुतें पाहिलीं त्यांना तीं तशींच दिसलीं काय, असा प्रश्न ज्याला पडेल त्यानें हर्नचें पुस्तक मिटून यानागिता कुनिओ यांचें 'तोनो मोनोगातारी' उघडावें. रोनाल्ड मोर्स यांनीं १९७५ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यामुळें तें आतां आपल्याहि आवांक्यांत आलें आहे.

जपानची सुमारें तीनचतुर्थांश भूमि डोंगराळ आहे. भातशेती करणारा गांवकरी सखल भागांत राहतो, आणि मान वर केली कीं त्याच्या दृष्टीस डोंगर पडतो. त्या डोंगरांत कोण राहतें, याचीं उत्तरें सर्वत्र सारखीं मिळत नाहींत. कित्येक गांवांत अशी समजूत कीं वसंतांत डोंगरदेव खालीं उतरतो, शेतदेव होऊन पिकाची राखण करतो, आणि कापणी झाली कीं पुन्हां वर जातो. शिकाऱ्यांच्या मतें मात्र डोंगरदेव म्हणजे एक मत्सरी आणि कुरूप देवी होय. तिला प्रसन्न करण्यासाठीं ते ओकोझे नांवाचा एक विद्रूप मासा वाळवून बरोबर नेत. कारण आपल्याहून कुरूप असें कांहीं जगांत आहे हें पाहून तिला समाधान वाटे! देवतेच्या स्वभावाचें इतकें घरगुती ज्ञान थोड्याच धर्मग्रंथांत आढळेल. याशिवाय लांब नाकाचे तेंगू आहेत, ताडासारखे उंच डोंगरपुरुष आहेत, आणि या सर्वांहून विलक्षण अशी यामांबा, म्हणजे डोंगरांतील म्हातारी, आहे. लोककथांत ती कधीं बैलवाल्याचे मासे आणि मागाहून त्याचा बैलहि गिळते. कधीं केंसांखालीं दुसरें तोंड लपवून, मुळींच न जेवणारी बायको होऊन, एखाद्या कृपणाच्या घरीं येते. आणि तीच आशिगारा डोंगरांत किंतारो या बालवीराला वाढविणारी माता होते! उतामारोच्या रंगीत चित्रांत तिचे केंस मोकळे आहेत, पण मांडीवर मूल आहे. राक्षसी आणि माता या दोन कल्पना एकाच देहांत इतक्या सहज नांदतांना पाहिल्या म्हणजे वाटतें कीं, ही म्हातारी कल्पनेंतून जन्मलेली नसून तिच्यामागें कोणी तरी खरी बाई असली पाहिजे.

या म्हातारीवर जें कांहीं लिहिलें गेलें आहे त्यांत सर्वोत्तम म्हणजे 'यामांबा' हें नो नाटक. परंपरा त्याचें कर्तृत्व झेआमी या थोर नाटककाराकडे देते. कथानक एवढेंच : राजधानींतील एक नर्तकी यामांबेवरील गीतनृत्यानें इतकी प्रसिद्धीस आलेली असते कीं लोक तिलाच 'यामांबा' या नांवानें ओळखूं लागतात. ती झेन्कोजीच्या यात्रेस निघते. वाटेंत डोंगरांत अकस्मात् अंधार पडतो, आणि एक बाई पुढें येऊन तिला आसरा देऊं करते. त्याच्या मोबदल्यांत ती एकच गोष्ट मागते : तें प्रसिद्ध गीत मला ऐकव. नर्तकी चकित होते. तेव्हां ती बाई आपण कोण हें सांगते आणि जाब विचारते. माझ्या नांवावर तूं कीर्ति मिळविलीस, वैभव मिळविलेंस, पण खुद्द माझी आठवण तुला कधीं तरी झाली काय? माझ्या आत्म्याच्या शांतीसाठीं तूं काय केलेंस?

जगांतील नाट्यवाङ्मयांत असा प्रसंग मला दुसरा आठवत नाहीं. आपल्या रचनेचा विषय झालेल्या व्यक्तीनें कवीला रस्त्यांत गांठून हिशेब मागावा, ही कल्पना पांचशेंहून अधिक वर्षांपूर्वीं एका नाटककारास सुचली, आणि ती त्यानें कोणत्याहि आक्रस्ताळेपणाशिवाय मांडली. पुढें रात्रीं म्हातारी आपल्या खऱ्या स्वरूपांत येते. केंस पांढरे, डोळे ताऱ्यांसारखे, चेहरा लालभडक. ती सांगते कीं लाकूडतोड्याच्या पाठीवरचें ओझें मीच हलकें करतें, खिडकीशीं विणीत बसलेल्या बाईचा हातभार मीच होतें, आणि तरी लोक मला राक्षसीच म्हणतात. मग डोंगरामागून डोंगर फिरत ती दिसेनाशी होते. या नाटकांतील बौद्ध तत्त्वज्ञानाची चर्चा पंडितांनीं पुष्कळ केली आहे. मला मात्र तें नाटक वाङ्मयविवेचनाचा एक ग्रंथच वाटतो. जो जो लेखक डोंगरांतील अद्भुतावर लिहितो त्याला तो प्रश्न लागू करून पाहावा.

हर्नला तो लागू केला तर काय होतें? हिमस्त्रीची कथा मुसाशी प्रांतांतील एका शेतकऱ्यानें आपल्याला सांगितली, असें तो प्रस्तावनेंत नमूद करतो. पण त्या शेतकऱ्याचें नांव देत नाहीं. त्याची पत्नी सेत्सु हीच त्याच्या पुष्कळ कथांचें उगमस्थान, पण मुखपृष्ठावर तिचेंहि नांव नाहीं. हर्न हा प्रामाणिक आणि जपानवर निस्सीम प्रेम करणारा लेखक होता. तेव्हां हा त्याच्या नियतीवरील आक्षेप नव्हे. त्याच्या कथा वाचून ज्या माणसांना हा शीतल श्वास स्पर्श करून गेला त्यांच्याविषयीं आपल्याला कांहींच कळत नाहीं, एवढेंच म्हणावयाचें आहे.

यानागितांची रीत निराळी. १८७५ सालीं जन्मलेला हा गृहस्थ तरुणपणीं कवि होता. पुढें कविता सोडून तो सरकारी अधिकारी झाला. १९०८ च्या अखेरीस ईशान्य जपानांतील तोनो भागांतला सासाकी किझेन नांवाचा एक तरुण त्यांना भेटला. हा तरुण लेखक होण्याच्या इच्छेनें राजधानींत आला होता, आणि आपल्या गांवच्या गोष्टी बोलतां बोलतां सांगे. यानागितांनीं त्या उतरून घेतल्या, १९०९ सालीं तो मुलूख प्रत्यक्ष पाहिला, आणि १९१० सालीं एकशें एकोणीस लहान लहान प्रकरणांचें हें पुस्तक अवघ्या साडेतीनशें प्रतींत छापलें. सखल प्रदेशांतील लोकांना या गोष्टींनीं कांपरें भरावें, अशी इच्छा त्यांनीं प्रस्तावनेंत व्यक्त केली आहे.

कांपरें भरतेंहि, पण तें भुतांमुळें नव्हे. या पुस्तकांत 'फार फार वर्षांपूर्वीं एक राजा होता' असली भाषा नाहीं. अमक्या गांवचा अमका, वय सत्तरीच्या पुढें, अद्याप हयात आहे, अशी सुरुवात होते. तो तरुणपणीं शिकारीस गेला असतां दूरच्या खडकावर एक गोरीपान बाई आपले लांब काळे केंस विंचरीत बसलेली त्यानें पाहिली, आणि बंदूक झाडली. जवळ जाऊन पाहतो तों तिच्या उंचीहूनहि तिचे केंस लांब. पुरावा म्हणून त्यानें थोडे केंस कापून अंगरख्यांत ठेवले. परततांना वाटेंत त्याला अनावर झोंप आली, आणि झोंप कीं जाग अशा स्थितींत एक फार उंच पुरुष आला, त्याच्या छातीशीं हात घालून ते केंस काढून घेऊन गेला. संपली गोष्ट. लेखक आश्चर्य व्यक्त करीत नाहीं, शिकाऱ्याला दोष देत नाहीं. पण वाचणाराच्या मनांत राहतो तो केंस परत नेणारा हात. तो उंच पुरुष तिचा कोण होता?

आणखी एक गोष्ट पाहा. कामिगो गांवची एक मुलगी चेस्टनट वेंचावयास डोंगरांत गेली ती परत आली नाहीं. घरच्यांनीं तिची उशी समोर ठेवून अंत्यविधि उरकला. दोनतीन वर्षांनीं त्याच गांवचा एक शिकारी गोयो डोंगरावर गेला असतां एका मोठ्या खडकाच्या आडोशाला तीच मुलगी त्याला भेटली. एका भयंकर पुरुषानें आपल्याला पळवून आणलें, तो फार उंच आहे, त्याच्या डोळ्यांचा रंग कांहींसा निराळा आहे. मुलें झालीं, पण तीं आपल्यासारखीं दिसत नाहींत असें म्हणून तो त्यांना नेतो, मारतो कीं खातो तें ठाऊक नाहीं, असें तिनें सांगितलें. आतां तो येईल, असें ती म्हणाली मात्र, आणि शिकारी भिऊन पळाला. तिला बरोबर घेण्याचा विचार त्याच्या मनांत आला नाहीं! हें वाक्य पुस्तकांत नाहीं. तें प्रत्येक वाचक आपल्याच मनाशीं उच्चारतो, आणि यानागितांच्या गद्याचें सामर्थ्य तें हेंच. उशी समोर ठेवून जिची उत्तरक्रिया झाली तिला परत नेऊन करावयाचें काय? गांवाच्या हिशेबीं ती मेलेलीच होती.

आणि या पुस्तकाचा कळस म्हणजे सामुतोच्या म्हातारीची आठवी गोष्ट. एक मुलगी नासपतीच्या झाडाखालीं आपल्या सपाता काढून ठेवून नाहींशी झाली. तीसएक वर्षांनंतर घरांत आप्तेष्ट जमलेले असतां ती अगदीं जख्ख म्हातारी होऊन दारांत आली. कां आलीस, असें विचारतां, सर्वांना पाहावेंसें वाटलें म्हणून आलें, आतां जातें, असें सांगून ती निघून गेली. त्या दिवशीं वारा फार सुटला होता; म्हणून अजूनहि सोसाट्याचा वारा सुटला कीं, आज सामुतोची म्हातारी येण्यासारखा दिवस आहे, असें तोनोचे लोक म्हणतात. यामांबा जन्मास कशी येते हें येथें आपण डोळ्यांनीं पाहतों. ती डोंगरांत उत्पन्न होत नाहीं. ती एखाद्या घरांतून नाहींशी होते. सासर, उपासमार, बाळंतपणानंतरचें वेड, कारण कोणतेंहि असो. पुढें १९२६ सालीं 'डोंगरांतील जीवन' या ग्रंथांत यानागितांनीं स्वतःच अशा डोंगरांत निघून गेलेल्या कित्येक स्त्रियांची नोंद केली आहे. त्याच ग्रंथाच्या आरंभीं मिनो प्रांतांतील एका कोळसे करणाऱ्याची हकीकत आहे. कोळसा विकला जाईना, तांदूळ मिळेना, तेव्हां त्यानें आपल्या दोन्ही मुलांना कुऱ्हाडीनें मारलें. आणि ती कुऱ्हाड मुलांनींच घांसून धारदार केली होती. या हकीकतींत एकहि भूत नाहीं. पण तिच्याशेजारीं ठेवून पाहिल्यास तोनोच्या गोष्टी निराळ्या वाचाव्या लागतात.

मग यानागिता त्या म्हातारीच्या प्रश्नास उतरतात काय? अर्धे उतरतात, असें माझें मत आहे. शास्त्रज्ञ म्हणून त्यांनीं प्रथम असा सिद्धांत मांडला कीं डोंगरपुरुष हे जपानच्या मूळ रहिवाशांचे अवशेष असावेत. मिनाकाता कुमागुसु या विद्वानानें १९१६ सालीं पत्रांतून त्याची चांगलीच उलटतपासणी केली. पुढें यानागितांनीं तो मार्ग सोडला, आणि १९४६ सालच्या पूर्वजांविषयींच्या ग्रंथांत डोंगर हें वाडवडिलांच्या आत्म्यांचें निवासस्थान ठरलें. हा सिद्धांत शांत आणि मंगल आहे. परंतु या मंगल डोंगरांत त्या उशीवाल्या मुलीला जागा कोठें आहे? पहिल्या सिद्धांतांत त्यांचें सर्व लक्ष त्या उंच पुरुषाकडे होतें; दुसऱ्यांत आजोबा आले. दोन्ही वेळां बाई पुन्हां हरवली.

दुसरा प्रश्न सासाकीचा. सर्व गोष्टी त्याच्याच तोंडून ऐकल्या हें यानागिता प्रस्तावनेच्या आरंभींच सांगतात. हर्नहून हें पाऊल पुढचें. तथापि ग्रंथकार म्हणून नांव एकाचेंच आहे, आणि तोनोच्या बोलीच्या जागीं सुघटित जुनी ग्रंथिक भाषा आहे. (जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह चाळतांना आपल्यालाहि हा प्रश्न टोंचल्याशिवाय राहत नाहीं.) सासाकीनें पुढें स्वतः लोककथा गोळा केल्या, १९३१ सालीं एक मोठा संग्रह काढला, आणि १९३३ सालीं, पन्नाशी गांठण्यापूर्वींच, हालाखींत तो वारला. त्यानें त्याच म्हातारीची गोष्ट १९२६ सालच्या आपल्या एका पुस्तकांतहि दिली आहे, आणि ती यानागितांच्या पाठाशेजारीं ठेवून वाचण्याजोगी आहे. सासाकीच्या कथनांत ती एकदांच येऊन जात नाहीं. मोसुकेच्या घरची ती मुलगी म्हातारी होऊन परत आल्यावर दरवर्षीं येऊं लागते, आणि ती आली कीं वादळ होऊन पिकाची नासाडी होते. शेवटीं गांवकरी त्या घराकडे तक्रार नेतात. तेव्हां मांत्रिकांना आणि डोंगरी संन्याशांना बोलावून विधि केला जातो, आणि शिवेवर एक दगड उभारून तिला बजावलें जातें कीं याच्या आंत येऊं नकोस. त्यानंतर ती येत नाहीं.

कलेच्या दृष्टीनें यानागितांचा पाठ सरस आहे. वाऱ्याचा तो शेवट मला कोणत्याहि लघुकथेंत सांपडलेला नाहीं. पण सासाकीच्या पाठांत असें कांहीं आहे जें त्या सुंदर शेवटाखालीं दडून जातें : भेटीस आलेल्या आपल्याच लेकीला गांवानें दगड रोवून बाहेर ठेवलें. एका पाठांत लोक तिची आठवण काढतात, दुसऱ्यांत तिचा बंदोबस्त करतात. जो कोणी हें पुस्तक मराठींत आणील त्यानें हे दोन्ही पाठ समोरासमोर छापावेत, आणि मुखपृष्ठावर यानागितांच्या नांवाआधीं सासाकी किझेनचें नांव घालावें.