सहव्यावसायिकांचा निवाडा : अमेरिकन दिग्दर्शक संघाच्या पारितोषिकांचा एक विचार

अमेरिकेतील ‘डायरेक्टर्स गिल्ड’ या दिग्दर्शकांच्या संघातर्फे दरवर्षी चित्रपट व दूरचित्रवाणी या दोन्ही क्षेत्रांतील दिग्दर्शकांना पारितोषिके दिली जातात. या समारंभाकडे वृत्तपत्रे बहुधा एकाच दृष्टीने पाहतात. पुढे येणाऱ्या ऑस्कर पारितोषिकाचे भाकीत, एवढेच त्याचे महत्त्व मानले जाते. या समजुतीला आधार नाही असे नाही. १९४८-४९ पासूनच्या दीर्घ कालखंडात संघाने निवडलेला दिग्दर्शक आणि ऑस्करचा मानकरी यांच्यात फरक पडल्याची उदाहरणे अगदी मोजकी आहेत. तथापि भाकीत खरे ठरणे हा निवाड्याचा गुण नव्हे. ज्या वर्षी दोन निवाडे वेगळे होतात, त्याच वर्षी त्यांमागील निकषांचा शोध घेता येतो.

असे प्रसंग पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. १९८५ च्या ‘द कलर पर्पल’साठी स्टीव्हन स्पीलबर्ग, १९९५ च्या ‘अपोलो १३’साठी रॉन हॉवर्ड आणि २०१२ च्या ‘आर्गो’साठी बेन ॲफ्लेक यांना संघाने गौरविले; ऑस्करच्या दिग्दर्शक-नामांकनांत मात्र या तिघांपैकी एकाचेही नाव नव्हते. ऑस्करची ही नामांकने अकादमीतील दिग्दर्शकांची मर्यादित शाखा ठरविते. संघाच्या सभासदवर्गात दिग्दर्शकांखेरीज सहायक दिग्दर्शक, निर्मिती-व्यवस्थापक आणि दूरचित्रवाणीचे रंगमंच-व्यवस्थापक यांचाही समावेश होतो. मोठा ताफा हाताळून, अवघड चित्रीकरण वेळेत पार पाडून सुघड कृती उभी करणाऱ्याविषयी अशा वर्गाला विशेष आदर वाटणे स्वाभाविक आहे. ‘अपोलो १३’ आणि ‘आर्गो’ यांची निवड या दृष्टीने बोलकी आहे. येथे गौरव होतो तो केवळ प्रतिभेचा नव्हे, तर कामावरील हुकमतीचाही.

याचे मूळ संस्थेच्या जन्मकथेत आहे. १९३६ साली ‘स्क्रीन डायरेक्टर्स गिल्ड’ या नावाने संघ स्थापन झाला व किंग विडॉर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. स्टुडिओंच्या मालकांनी संघाला मान्यता द्यावी यासाठी १९३९ साली फ्रँक काप्रा यांना ऑस्कर समारंभावर बहिष्कार घालण्याची धमकी द्यावी लागली, आणि ते त्या वेळी अकादमीचेही अध्यक्ष होते, हे विशेष. पारितोषिके आली ती त्यानंतर दहा वर्षांनी. म्हणजे संघ आधी हक्कांसाठी उभा राहिला, गौरवासाठी मागाहून. १९६० साली रेडिओ व दूरचित्रवाणी दिग्दर्शकांचा संघ त्यात विलीन झाला आणि आजचे नाव रूढ झाले. म्हणून या समारंभाला रसिकांची सभा मानण्यापेक्षा कारागिरांच्या श्रेणीचा उत्सव मानणे अधिक यथार्थ होय.

कारागिरांच्या या दृष्टीत मात्र एक अंतर्विरोध आहे. विजेत्या दिग्दर्शकाबरोबर त्याच्या चमूतील सहायक दिग्दर्शक व निर्मिती-व्यवस्थापक यांचाही नामोल्लेखपूर्वक सन्मान होतो. सामूहिक श्रमाची ही जाहीर कबुली अन्य पारितोषिकांत क्वचितच आढळते. दुसरीकडे, एका चित्रपटाला एकच दिग्दर्शक असावा असा संघाचा आग्रह आहे. या नियमाला अपवाद झाले आहेत. ‘वेस्ट साइड स्टोरी’साठी (१९६१) रॉबर्ट वाइज व जेरोम रॉबिन्स यांचा एकत्र गौरव झाला. परंतु ‘सिन सिटी’च्या (२००५) वेळी फ्रँक मिलर यांना सहदिग्दर्शकाचे श्रेय देता यावे म्हणून रॉबर्ट रॉड्रिगेझ यांना संघ सोडावा लागला. या नियमाचा उगम सौंदर्यशास्त्रात नाही. अधिकार वाटला गेला की निर्मात्याला तो काढून घेणे सोपे जाते, ही व्यावसायिक सावधगिरी त्यामागे आहे. दिग्दर्शक हा कृतीचा एकमेव कर्ता होय, या समीक्षेतील सिद्धान्ताशी हा नियम जुळतो, परंतु त्यातून उपजलेला नाही. ही दोन विधाने एक मानण्याची चूक अभ्यासकांनी टाळावयास हवी.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. १९५३ पासून या माध्यमासाठी पारितोषिक आहे. परंतु मालिकेची कल्पना, तिचा सूर आणि तिची पात्रे यांवर अंतिम सत्ता बहुधा लेखक-निर्मात्याची असते. २०१० साठी मार्टिन स्कॉर्सेसी यांना ‘बोर्डवॉक एम्पायर’च्या पहिल्या भागाबद्दल, तर २०१६ साठी मिगेल सापोचनिक यांना ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या सहाव्या पर्वातील एका युद्धप्रधान भागाबद्दल गौरविण्यात आले. वर्ग एकच, नाट्यमय मालिकेचा. पण पहिल्याने मालिकेचे दृश्यरूप घडविले, तर दुसऱ्याने इतरांनी घडविलेल्या रूपाच्या चौकटीत राहून आपले सामर्थ्य प्रकट केले. एक स्थापत्य, दुसरे गायकी. दोन्ही श्रेष्ठ असू शकतात. तरीही त्यांना एकाच तागडीत तोलताना ‘दिग्दर्शन’ या शब्दाचा कोणता अर्थ गृहीत धरला आहे, हे पारितोषिकाच्या वर्गवारीवरून कळत नाही.

संघाचा निवाडा केवळ कसबाचा असतो, हे म्हणणेही इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. १९४८-४९ च्या पहिल्या पारितोषिकाचे मानकरी जोसेफ मँकिविच हे १९५० मध्ये संघाचे अध्यक्ष होते. ते परदेशी असताना सेसिल बी. डेमिल यांच्या गटाने सभासदांवर राजनिष्ठेच्या शपथेची सक्ती आणली आणि मँकिविच विरोध करताच त्यांना पदच्युत करण्याचा घाट घातला. ऑक्टोबरमधील प्रदीर्घ सभेत जॉन फोर्ड यांनी मँकिविच यांची बाजू घेतली व कार्यकारी मंडळाला राजीनामा द्यावा लागला. आणि १९५३ साली संघाचा पहिला जीवनगौरव लाभला तो याच डेमिल यांना! ज्याला सभेने पराभूत केले, त्याच्या कर्तृत्वाचा सन्मान करण्यास ती कचरली नाही. या गौरवाला डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचे नाव होते. ‘द बर्थ ऑफ अ नेशन’मधील (१९१५) वंशद्वेषी चित्रणामुळे ते १९९९ साली काढून टाकण्यात आले. ग्रिफिथ यांच्या तंत्रकौशल्याविषयी तेव्हाही कोणी शंका घेतली नव्हती. म्हणजे एका प्रसंगी कर्तृत्व आणि आचरण यांची फारकत मान्य झाली, दुसऱ्या प्रसंगी कसब आणि आशय यांची फारकत अमान्य ठरली. डेमिल यांच्या बाबतीत दोष कृतीबाहेरचा होता, ग्रिफिथ यांच्या बाबतीत तो कृतीतच होता, असा भेद करता येईल. परंतु तो भेद करणे म्हणजेच आशयाचे मूल्यमापन स्वीकारणे होय.

या व्यवसायातील विषमतेचे प्रतिबिंबही या सूचीत पडले आहे. १९७६ च्या ‘सेव्हन ब्यूटीज’साठी लिना वेर्टम्युलर यांना नामांकन मिळाले, तेव्हा कथाचित्रपटाच्या वर्गात ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या, प्रत्यक्ष पारितोषिक कॅथरिन बिगेलो यांना २००९ च्या ‘द हर्ट लॉकर’साठी मिळाले. ज्यांना कामच मिळाले नाही, त्यांच्या गुणांचा निवाडा सहव्यावसायिकही करू शकत नाहीत. अशा सूचीत दिसणाऱ्या नावांइतकाच न दिसणाऱ्या नावांचाही विचार करावा लागतो.

तात्पर्य, या पारितोषिकांना श्रेष्ठतेची अखेरची मोहोर मानणे जितके चूक, तितकेच त्यांना भाकीत म्हणून सोडून देणेही चूक. दिग्दर्शन म्हणजे काय, या प्रश्नाला ते करणाऱ्यांनी वेळोवेळी दिलेली उत्तरे या सूचीत नोंदली गेली आहेत. ती परस्परांशी सुसंगत नाहीत. पण समीक्षकाच्या दृष्टीने त्यांची खरी उपयुक्तता या विसंगतीतच आहे.