नथ : शोभा आणि प्रामाण्य

गुढीपाडव्यास गिरगांवांतील शोभायात्रेंत स्त्रियांच्या नाकीं मोत्यांची टपोरी नथ डुलतांना पाहून आम्हांसही आनंद होतो. सर्व अलंकारांत प्रथम दृष्टि वेधून घेते ती हीच. परंतु नथ वेदकालापासून चालत आली, असें जें सर्रास सांगितलें जातें, तें आम्हांस मान्य नाहीं.

अमरकोशांत कर्णिका, ग्रैवेयक, मेखला, नूपुर हीं नांवें आहेत, नासिकाभरणाचें नाहीं. 'नस्तित' शब्द आहे, परंतु तो वेसण घातलेल्या बैलास! कार्ल्याच्या चैत्यगृहांतील स्त्रीमूर्तींचे कान व पाय अलंकारांनीं जड झाले आहेत, नाक मोकळें. अनुल्लेख हा एकटा पुरावा नव्हे. परंतु कोश व शिल्प दोन्ही मूक असतां प्राचीनतेचा भार प्रतिपादकांवर पडतो. कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९३८ सालींच नथीच्या प्राचीनतेची साधार चिकित्सा केली आहे. ती न वाचतां केलेलें विधान अभिमानाचें ठरेल, इतिहासाचें नव्हे.

नथ अर्वाचीन ठरल्यानें तिची शोभा उणावत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं जुन्या लग्नयाद्या व दागिन्यांचीं टिपणें असतील, त्यांनीं नथीचा उल्लेख मितीसह प्रसिद्ध करावा, ही विनंती.