'कन्यादान' : मदतीच्या उंबरठ्यावरचा अडथळा

विजय तेंडुलकरांचे 'कन्यादान' हे नाटक १९८३ मधले. त्याच वर्षी भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले आणि पत्नीचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. पण कायदा असूनही स्त्री मदत का मागत नाही? याचे एक उत्तर या नाटकात आहे.

समाजवादी नेते नाथ देवळालीकर यांची मुलगी ज्योती ही अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करते. अरुण तिला मारहाण करतो. स्त्री गप्प राहण्याची कारणे आपण पाठ केलेली असतात: शिक्षण नाही, माहेरचा आधार नाही. ज्योतीकडे दोन्ही आहे. तरीही ती परत जाते. नाथांच्या दृष्टीने हे लग्न म्हणजे जातिभेद मोडण्याचा प्रयोग असतो. तो फसू नये असे त्यांना वाटते. माणसाकडे पाठ फिरवू नये, ही त्यांचीच शिकवण तिच्या अंगात भिनलेली असते. शेवटी ती वडिलांना याचाच जाब विचारते आणि नवऱ्याकडे निघून जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली. त्यांतल्या सर्वाधिक जणींनी ती स्वतःच्या कुटुंबाकडे मागितली. म्हणून नाथांच्या घरातली ही बैठकीची खोली महत्त्वाची ठरते.

नाटकाची मोठी उणीव म्हणजे मारणारा दलित आणि सोसणारे घर सुधारक, ही मांडणी. हिंसा सर्व जातींत आहे. इथे मात्र ती एका जातीच्या जखमेला चिकटते. या मुद्द्यावर घेतलेले आक्षेप मला रास्त वाटतात. पण त्यामुळे नाथांवरचा प्रश्न पुसला जात नाही.

मी अभियांत्रिकी शिकवतो. यंत्र बंद पडले तर आम्ही ते उघडण्याआधी वीजपुरवठा तपासतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, संरक्षण अधिकारी दिले. पण 'थोडे सांभाळून घे' हे वाक्य घरातच ऐकू आले, तर ती स्त्री त्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.

विचारासाठी प्रश्न: उद्या एखादी मैत्रीण तुम्हाला हे सांगू लागली आणि 'अजून एकदा प्रयत्न करून बघ' असे तुमच्या तोंडी आले, तर तो प्रयत्न नेमका कोणाच्या समाधानासाठी असेल?