दुरियनचा धडा

प्रवासवर्णनाचे पुस्तक हाती आले की मी एक साधी कसोटी लावतो. लेखकाने परक्या मुलखातले फळ कसे खाल्ले, ती पाने आधी काढतो. डोंगर, समुद्र आणि सूर्यास्त यांची वर्णने घरी बसून, चार पुस्तके उघडून करता येतात. फळाचे तसे नाही. ते पिकले कसे ओळखावे, सुरी कुठे लावावी, काय खावे आणि काय टाकावे, हे तिथल्या माणसाला विचारावे लागते. नावही त्याच्याच तोंडून ऐकावे लागते. सहलीच्या घोळक्यात हिंडणाऱ्यापुढे फळ कापून, ताटलीत मांडून येते. एकट्या प्रवाशाला विचारल्यावाचून गत्यंतर नसते, आणि विचारतो म्हणूनच त्याला काही कळते.

गेली तीस वर्षे मी शाळेत ‘माझा संस्मरणीय प्रवास’ हा निबंध तपासत आलो आहे. मूल गोकाकला जाऊन आलेले असो की गोव्याला, ‘निसर्गरम्य परिसर’, ‘नयनमनोहर दृश्य’ आणि ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ ही तीन ठाणी त्याच्या निबंधात ठरलेली. ही विशेषणे मुलांनी मोठ्यांच्या छापील प्रवासवर्णनांतूनच उचललेली असतात. अशी कितीतरी पुस्तके वाचून झाल्यावर विमानतळावरची धावपळ आणि हॉटेलातली न्याहारी तेवढी लक्षात राहते. म्हणून दीडशे वर्षांहून जुन्या एका इंग्रजी प्रवासवर्णनाविषयी येथे लिहावेसे वाटले. आल्फ्रेड रसेल वॉलेस याचे ‘द मले आर्किपेलॅगो’ हे ते पुस्तक. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’मुळे मराठी वाचकाला ओळखीचा झालेला तो आग्नेय आशियाचा मुलूख. वॉलेस तिथे पोचला तो पु. लं.च्या शंभर वर्षे आधी.

वॉलेसचा जन्म १८२३ सालचा. घरची गरिबी, तेरा-चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली. १८४८ ते १८५२ ही चार वर्षे त्याने ॲमेझॉनच्या खोऱ्यात काढली. परतताना जहाजाला आग लागून त्याचा बहुतेक संग्रह जळाला. तरी १८५४ साली तो पुन्हा निघाला आणि सिंगापूरला उतरला. पक्षी, फुलपाखरे, भुंगेरे गोळा करायचे, लंडनला विकायला पाठवायचे आणि त्या पैशांवर पुढचे बेट गाठायचे, असा त्याचा चरितार्थ होता. १८६२ पर्यंत सुमारे आठ वर्षांत तो चौदा हजार मैल हिंडला आणि सव्वा लाखाहून अधिक नमुने जमवले. सृष्टीतील निवडीने जीवजाती बदलत जातात हा विचार त्याला याच बेटांत, १८५८ साली तापाच्या आजारात सुचला. तो त्याने डार्विनला कळवला आणि त्याच वर्षी दोघांचे लेखन लंडनमध्ये एकत्र वाचले गेले. पुढे १८६९ साली आलेले हे पुस्तक त्याने डार्विनलाच अर्पण केले आहे. हा इतिहास बहुतेकांना ऐकून ठाऊक असतो. मला येथे बोलायचे आहे ते बोर्निओच्या प्रकरणातील तीन-चार पानांविषयी, दुरियनविषयी.

दुरियन हे मलय नाव. ‘दुरी’ म्हणजे काटा. झाड उंच, फळ मोठ्या नारळाएवढे किंवा त्याहून थोडे मोठे, सर्वांगाला बळकट टोकदार काटे. आपल्या फणसाचे काटे त्यापुढे मवाळ म्हणावेत. वॉलेसने मलाक्कात ते प्रथम घराच्या आत आणलेले पाहिले. वास इतका असह्य झाला की चव घेणेही नको वाटले. पुढे बोर्निओत झाडाखाली पडलेले पिकलेले फळ त्याला मिळाले. उघड्यावर बसून ते खाल्ले आणि तो कायमचा दुरियनभक्त झाला. बरका फणस बंद माजघरात फोडणे आणि अंगणात गोणपाट पसरून, हाताला तेल लावून फोडणे यांतला फरक आपल्याला सांगायला नको. पण मलाक्कातच मत बनवून वहीत लिहिणारे प्रवासी पुष्कळ असतात. वॉलेसने त्या फळाला दुसरी संधी दिली.

त्याचे चवीचे वर्णन पाहण्यासारखे आहे. आधी तो आपल्या देशाच्या जेवणाच्या टेबलावरच्या वस्तू आठवतो: बदाम घातलेले कस्टर्ड, मलईचे चीज, कांद्याचे सॉस, शेरी दारू. एकमेकांशी अजिबात न जमणाऱ्या या वस्तू एकाच घासात येतात, असे सांगून झाल्यावर तो या उपमा बाजूला ठेवतो. हे आंबट नाही, गोड नाही, रसाळही नाही, तरी यांपैकी कशाचीच उणीव भासत नाही, असा त्याचा पुढचा सूर आहे. आपल्याकडे ‘नेति नेति’ म्हणतात तशी ही पद्धत. घरच्या ओळखीने सुरुवात करायची आणि ओळख पुरी पडत नाही असे दिसले की प्रामाणिकपणे थांबायचे. आपले प्रवासी लेखक पहिल्या पायरीवरच राहतात. जावा पाहिले की ‘अगदी आपले कोकणच’ म्हणतात आणि पान उलटतात. खरे तर कोकणची आठवण झाल्यावरच पाहायला सुरुवात व्हावी. मँगोस्टीन हे तिकडचे नाजूक फळ आपल्या रातांब्याच्या कुळातले, शास्त्राने दोघांना एकाच गार्सिनिया गणात ठेवले आहे. ते सोलताना भिरंडाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण रातांबा आंबट म्हणून कीर्ती पावला आणि त्याचा हा भाऊ गोडीसाठी, हे सांगितले तरच त्या आठवणीचा उपयोग.

आपल्या बाजूचा आणखी एक ग्रंथ येथे आठवतो. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने औषधी वनस्पतींवरचे आपले संवाद १५६३ साली गोव्यातच छापले. त्यात आंबा, फणस आहेत आणि दुरियनही आहे. पण ऑर्ता मलाक्काला कधी गेला नव्हता. दुरियन त्याने तिकडून आलेल्यांच्या सांगण्यावरून लिहिले. तो चौकस होता, विचारून लिहीत होता, त्याचे मोल कमी नाही. तरी ऐकलेले फळ आणि हातातले फळ यांतले अंतर दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की कळते. काट्यांमधून पाच पुसट रेषा जातात, सुरी तेथेच घालावी, हे वॉलेस सांगतो. ते जाणत्याचे ज्ञान आहे.

आता मुख्य मुद्दा. पिकलेले दुरियन उंचावरून आपोआप पडते आणि खालच्या माणसाला भयंकर जखम होते. डोक्यावर दुरियन पडलेला एक दयाक प्रमुख वॉलेसला भेटला होता. हे सांगून तो एका जुन्या नीतिकथेकडे वळतो. मोठ्या झाडाला लहान फळ आणि मोठे फळ जमिनीवरच्या वेलीला, ही देवाची योजना माणसाच्या डोक्याच्या काळजीपोटी आहे, अशी ती कथा. आपल्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेलेली वड आणि भोपळ्याची गोष्ट ती हीच. वॉलेस म्हणतो, दुरियन आणि ब्राझीलचे एक अजस्र फळ ही दोन्ही उंच झाडांवर लागतात, मग या कथेचे काय? त्यावरून तो दोन धडे काढतो: थोडासा मुलूख पाहून सृष्टीविषयी निष्कर्ष काढू नये, आणि झाडे-फळे केवळ माणसासाठी निर्माण झाली आहेत असे समजू नये.

मला गंमत वाटते ती अशी की ही गोष्ट आपण नारळीच्या झावळ्यांखाली बसून शिकवत आलो. आपला नारळ त्या कथेला रोज खोटे पाडत होता आणि कोणी मान वर करून पाहिले नाही. परक्या फळाने तो प्रश्न विचारायला लावला. प्रवासाचे फळ म्हणतात ते हे.

परंतु टीकाकाराचे काम येथे संपत नाही. वॉलेसचा हा धडा त्याच्याच पुस्तकाला लावून पाहिला पाहिजे.

उष्ण कटिबंधातील देखाव्याविषयी त्याचे एक मत प्रसिद्ध आहे. बारा वर्षे घनदाट अरण्यांत काढूनही आपल्या मायदेशातील माळांवरच्या फुलांइतका रंगाचा थाट कोठे दिसला नाही, येथे सगळा हिरवा आणि गंभीर कारभार, असे तो म्हणतो. ‘रंगांची उधळण’ हा शब्द कंठस्थ असलेल्या आपल्या लेखकांनी हे मत वाचावेच. पण वॉलेसने पाहिले ते वर्षभर पावसाचे अरण्य. भाद्रपदात आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या सड्यावर जावे, कासच्या पठारावर जावे. तेरडा आणि सोनकी यांनी खडक दिसेनासा होतो. हाही उष्ण कटिबंधच. म्हणजे थोडा मुलूख पाहून निष्कर्ष काढू नये, हे खुद्द वॉलेसलाही सांगावे लागते.

दुसरे उदाहरण साबुदाण्याचे. सेराम बेटावर सागोच्या झाडाच्या खोडातून पीठ काढतात. एका माणसाची दहा दिवसांची मेहनत वर्षभराच्या अन्नाला पुरते, असा हिशेब वॉलेस मांडतो. हिशेब चोख आहे. पण लगेच, अन्न इतके स्वस्त म्हणून माणसे आळशी आणि दरिद्री, असा शेरा येतो. हा शेरा तिथल्या अंगणातला नाही, लंडनमधल्या हिशेबवहीतला आहे. विशेष म्हणजे याच पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात तो उलट सांगतो की, या साध्या समाजांतली परस्परांविषयीची न्यायबुद्धी इंग्लंडने शिकण्यासारखी आहे आणि आपण अजून रानटी अवस्थेतच आहोत. दोन्ही वाक्ये एकाच माणसाची. मला दुसरे अधिक मोलाचे वाटते, कारण ते आठ वर्षांच्या सहवासाने लिहिले आहे.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर. दुरियन ओरांगउटानलाही फार आवडते, हे वॉलेसच सांगतो, आणि त्याच प्रदेशात तो एकामागून एक ओरांगउटान गोळी घालून मारतो. एका मादीचे पोरके पिल्लू तो तांदळाच्या पेजेवर जगवू पाहतो. ते पुढे मरते. तो काळ, तो व्यवसाय हे मान्य करूनही ती पाने सुखाने वाचवत नाहीत. झाडे केवळ माणसासाठी नाहीत हे ज्याने लिहिले, त्याच्या हातात बंदूक होती, हे वाचकाने विसरू नये.

आणि तो एकटा होता का? सारावाकमध्ये त्याच्याकडे अली नावाचा मलय तरुण नोकरीस लागला. स्वयंपाक, पक्षी टिपणे, कातडी सोलणे ही कामे करीत तो अखेरपर्यंत बहुतेक प्रवासांत बरोबर राहिला. १८५८ साली बाचान बेटावर नंदनपक्ष्यांतली एक नवी जात प्रथम अलीनेच आणून दाखवली. शास्त्रात ती वॉलेसच्या नावाने नोंदली गेली. पुस्तकात अलीचे ऋण मोकळेपणाने सांगितले आहे, पण पक्ष्याच्या नावात ते नाही. ‘एकट्याने केलेला प्रवास’ असे मुखपृष्ठावर वाचले की मी आता स्वयंपाक कोणी केला ते शोधतो.

या पुस्तकातला माझा आवडता प्रसंग आरू बेटांतला आहे. तिथल्या वनुंबाई गावातला एक वृद्ध वॉलेसला त्याच्या देशाचे नाव विचारतो. ‘इंग्लंड’ हा उच्चार काही केल्या त्याच्या जिभेवर बसत नाही. असले कोणत्या देशाचे नाव असते का, तू आम्हाला फसवतोस, वनुंबाई बघ, कोणालाही म्हणता येते, असे तो रागावून बजावतो. वॉलेसने हे हसून लिहिले आहे, पण हसण्याचा विषय स्वतःला ठेवून. सीमाभागातल्या वाचकाला हा प्रसंग अधिक समजेल. गावाचे नाव एका जिभेवर बेळगाव, दुसऱ्या जिभेवर बेळगावी. आणि प्रत्येकाला आपलाच उच्चार सोपा वाटतो.

आमच्या बाजारात एकाच बाईकडून एक गिऱ्हाईक फणस मागतो, दुसरे हलसिन हण्णु मागते, गोव्याकडचा पणस म्हणतो. गरे एकाच टोपलीतले असतात. पैसे मोजून सगळे आपापल्या भाषेत घरी जातात. दोन भाषांत वाढणाऱ्या आमच्या मुलांची भाषा धड ना इकडची ना तिकडची, असे बोलणारे पुष्कळ भेटतात. मला वाटते, अनोळखी वस्तूचे नाव तिच्या माणसाला विचारून घ्यायची सवय या मुलांना घरातच लागलेली असते. प्रवासवर्णन लिहायला लागणारी पहिली शिदोरी तीच. ती असताना त्यांनी ‘निसर्गरम्य’ कशाला लिहावे?

वॉलेसचे पुस्तक मोठे आहे आणि कालक्रमाऐवजी बेटांच्या गटांप्रमाणे लावलेले आहे, त्यामुळे कोठूनही उघडता येते. इंग्रजी वाचणाऱ्या वरच्या वर्गातल्या मुलांना प्रथम बोर्निओतले दुरियन वाचायला द्यावे, मग आरू बेटे आणि शेवटचे प्रकरण त्यानंतर. वाचून झाल्यावर त्यांना कोठल्याही एका फळावर दहा ओळी लिहायला सांगाव्यात. अट एकच: ते फळ त्यांनी स्वतः फोडलेले असावे.